तीन पेनांचं कार्ड

४ जून, गुरुवार
बिट्टीला बालवाडीत घेतलं. ताईचा फोन – "तुझ्या कार्डामुळे झालं गं."

माझ्या कार्डामुळे! पहिली लस खरी. पुढच्या तीन मी नुसत्या लिहिल्या. तीन तारखा, तीन वेगळी पेनं, म्हणजे एका बैठकीत लिहिलंय असं दिसू नये. साठ्याचा हिशेब जुळावा म्हणून तीन डोस बेसिनमध्ये सोडून दिले. पहिल्या लशीनंतर पोरीला ताप चढून झटका आला होता. तेव्हापासून सुई म्हटलं की ताईचे हातपाय गळतात. "नर्स आहेस ना? लिही की. मावशी कशाला झालीस मग?" लिहिलं. ताईला नाही कधी म्हटलंय मी?

९ जून, मंगळवार
लसीकरणाचा वार. बासष्ट मुलं. एक बाई रांगेतून परत निघाली होती, मागच्या वेळी बाळाला ताप आला म्हणून. तिला बसवून समजावलं – ताप दोन दिवसांत उतरतो, घटसर्प गळाच धरतो. पटलं तिला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

२२ जून, सोमवार
बिट्टीचा घसा दुखतोय. ताप फारसा नाही.

२३ जून, मंगळवार
ताई तिला आमच्याच दवाखान्यात घेऊन आली. डॉक्टरांनी कार्ड पाहिलं. "लशी सगळ्या झाल्यात, मग घाबरायचं कारण नाही. टॉन्सिल असतील." वर मला म्हणाले, "भाचीचं कार्ड कसं नीट ठेवलंय बघा." ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे उचलून बाहेर आले.

टॉन्सिलच असू देत.

२४ जून, बुधवार
ड्यूटीवरून थेट ताईकडे. टॉर्च लावून घसा पाहिला. करडा पापुद्रा, घट्ट चिकटलेला. मान सुजलेली. शिकताना पुस्तकात फोटो पाहिला होता, तसाच.

म्हटलं, "डॉक्टरांना आत्ताच सांगायला हवं, कार्ड खोटं आहे." ताई म्हणाली, "तुझी नोकरी जाईल. चहा घे आधी, मग बघू." मी चहा घेतला. इथे लिहायला काय हरकत आहे – कप रिकामा होईपर्यंत मी नोकरीचाच विचार करत होते. मग पळत गेले.

डॉक्टर ओरडले नाहीत. मोठ्या रुग्णालयाला फोन लावला, गाडी मागवली. घटसर्पावरचं प्रतिविष तिथेही नाही, दुसऱ्या शहरातून उद्या दुपारी येईल. फोन ठेवून एवढंच म्हणाले, "काल तुम्ही समोर उभ्या होतात."

२६ जून, शुक्रवार
प्रतिविष काल दिलं. आज चार घोट पाणी प्याली. पण विष आधीच हृदयापर्यंत गेलं असेल तर हातात काही नाही म्हणतात. बिट्टीनं विचारलं, "मावशी, तू मला टोचणार नाहीस ना?" "नाही टोचणार," म्हटलं. परत तेच.

३० जून, मंगळवार
बिट्टी गेली. सकाळी नऊला.

११ जुलै, शनिवार
कामावरून दूर केलंय. चौकशी होणार. माझ्या हातची सगळी कार्डं आता संशयात. ती रांगेतली बाई बाळ काखेत घेऊन दारात आली होती. "आमचं तरी खरं टोचलंत ना?" खरंच टोचलं होतं. शपथ घेतली. माझ्या शपथेला आता कोण विचारतं? ती उद्यापासून दवाखान्याची पायरी चढेल असं वाटत नाही. अशा किती जणी असतील.

बिट्टीच्या धाकट्या भावाला डॉक्टरांनी स्वतः लस दिली. सुई बाहेर येईपर्यंत ताईनं पापणी हलवली नाही म्हणे.

२० जुलै, सोमवार
चौकशी झाली. ताईनं सांगितलं, "मला काही माहीत नव्हतं. बहीण टोचतेय असंच मला वाटायचं." साहेबांनी मला विचारलं, हे खरं का?

हो म्हटलं.