साहेब जेवले का?

३ मार्च, मंगळवार
पोचलो एकदाचे. सामान ट्रकमध्ये, साहेब माझ्या मांडीवर – झाकणाच्या बादलीत. हात भरून आले. संध्याकाळी टँक लागला, खारं पाणी भरलं, सोडलं त्यांना. पिवळाधमक मासा बघता बघता फिकट पडला आणि दगडामागे जाऊन बसला.

यांनी हौसेने आणलेला. 'साहेब' नाव लेकीने ठेवलं – नाक वर करून फिरतो म्हणून. हे गेले, ती नोकरीच्या गावी गेली, आम्ही दोघं उरलो. गुडघा जिने चढू देईना, तर घर विकलं. तिला न विचारता. चार महिने अबोला. आणि आज मेसेज – 'साहेब पोचले का?' आई पोचली का, ते नाही. तरी पाच वेळा वाचला.

४ मार्च, बुधवार
आहार – नाही. श्वास – मिनिटाला नव्वदच्या वर. रंग – फिका. पस्तीस वर्षं वॉर्डात तक्ते भरले, सवय जाते कुठे.

सातला तिचा फोन! 'साहेब जेवले का?' नाही म्हटलं. 'उद्या करते परत.' ठेवला.

परत करते म्हणाली.

६ मार्च, शुक्रवार
लेकीने तिच्या जुन्या ओळखीचा टँकवाला पाठवला. त्याने पाणी तपासलं, मग माझ्याकडे पाहिलं. 'काकू, दगड धुतलेत?' खरं ते सांगितलं – नळाखाली, ब्रशने, वर उकळतं पाणी. घाण वास मारत होते! 'पाणी सांभाळणारे जंतूच मारलेत तुम्ही.' चांगले जंतू म्हणे. जन्म गेला जंतू मारण्यात, आता या वयात त्यांची माफी मागू?

अर्धं पाणी बदललं. त्याने स्वतःच्या टँकमधला एक दगड आत ठेवला. दिवा बंद, काचेला पेपर. 'सारखं बघू नका. त्याला जरा एकटं राहू द्या.' एकटं राहण्याचं मला नको शिकवू, म्हणणार होते. चहा दिला.

फोनवर लेकीला सगळं कबूल केलं. ओरडेल वाटलं. हसली. 'आई, तू ना...' म्हणाली आणि थांबली. किती दिवसांनी ऐकलं ते हसणं.

८ मार्च, रविवार
आहार – नाही. फोन – आला.

१० मार्च, मंगळवार
सातवा दिवस. दगडाच्या कडेला शेपटी तेवढी दिसते. फोन सातच्या ठोक्याला येतो, पण माशापलीकडे विषय नाही. घराचं ती काढत नाही, मीही नाही. साहेब गेले तर कशाला फोन करेल ती? तुझी फार आठवण येते गं, एवढं म्हणायचं, तर जीभ रेटत नाही. परक्यांच्या पोरींना मात्र वॉर्डात कुशीत घेऊन धीर दिला.

१२ मार्च, गुरुवार
खाल्लं! वाळवलेल्या शेवाळाचा तुकडा काचेला चिमट्याने लावून ठेवला होता. पेपरच्या फटीतून पाहिलं – आले, एक लचका, पळाले. पुन्हा आले. स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. टँकवाल्याला लगेच कळवलं.

सातला फोन. 'साहेब जेवले का?'

'नाही गं,' म्हणाले मी. तोंडून निघून गेलंच.

१५ मार्च, रविवार
आहार – दोन वेळा. श्वास – शांत. रंग – परतला. तक्ता खरा आहे, फोनवर मी खोटी. वॉर्डात एक नोंद चुकीची केली नाही कधी, आणि आता रोज सातला, त्यांचं टम्म पोट बघत, 'तोंडच लावत नाहीत गं.'

आज तिने गुडघ्याचं विचारलं. आपणहून. मग तिच्या खोलीचं सांगत बसली, खिडकीला पडदा नाही म्हणून. वीस मिनिटं.

१९ मार्च, गुरुवार
'शनिवारी येते त्यांना बघायला. एवढे दिवस उपाशी म्हणजे काही खरं नाही.' झालं! साहेब, दोन दिवस जरा आजारी दिसाल का? ऐकतात कुठले. सकाळपासून तिसरा तुकडा.

२१ मार्च, शनिवार
आली. साहेब ऐटीत काचेवरच्या तिच्या बोटामागे फिरायला लागले. मी सांगायला तोंड उघडलं. बॅग खाली ठेवत ती म्हणाली, 'टँकवाल्याने मला बारा तारखेलाच सांगितलं होतं, आई. चहा टाक.'