फ्रीजमधला मेपल

५ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून हसावं की रडावं तेच कळेना. दारातल्या मेपलचं रोप बोन्साय म्हणून कुंडीत खुरटवायला त्या भट्टीसारख्या शहरात नेलंस, तेव्हाच मी कपाळाला हात लावला होता. आता म्हणे त्याला थंडीची झोप मिळत नाही, म्हणून फ्रीजमध्ये निजवलंयस! चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. इथे झाडं बर्फात फुकट झोपतात. तुझ्या बायकोला मात्र हात जोडले; मी असते तर कुंडीसकट तुलाच बाहेर काढलं असतं.

बागेतली सफरचंदं पाठवतेय. झाडं कशासाठी लावतात ते पोरांना तरी कळू दे. गारव्यात ठेव, टिकतील.

लोभ आहेच, अक्कलही वाढू दे.
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सफरचंदं गोड होती. तू सांगितलंस म्हणून फ्रीजमध्येच ठेवली, मेपलशेजारी.

झाड बाहेर काढून बरेच दिवस झाले, एक पान फुटलं नाही. फांद्यांवरचे कोंबांचे डोळे काळे पडून गळतायत. रोपवाटिकावाल्याने पहिलंच विचारलं, शेजारी फळं होती का? सफरचंदांतून वायू सुटतो, निजलेले डोळे त्याने मरतात म्हणे. ताई, एवढी मोठी बागायतदार तू, तुला हे ठाऊक नव्हतं? मला खुशाल हस. पण दारातलं मोठं झाड तू पॅकिंगच्या शेडसाठी तोडलंस. त्याचं एवढंच उरलं होतं.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठाऊक होतं. कलमाच्या काड्या मी सफरचंदांच्या खोलीत कुणाला नेऊ देत नाही, परवाच त्यावरून गड्याला झापलं. पण तुझं झाड खरोखर झोपलंय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी ते तुझं खूळ धरून चालले. चुकलं माझं.

शेडच्या दारात दुपारी ऊन थेट अंगावर येतं. तेव्हा ते झाड आठवतं.

रडगाणं पुरे. नखाने साल खरवड. आत हिरवं दिसलं तर जीव आहे. नसेल तर पत्र नको, स्वतः ये आणि मला तोंडावर बोल.

वाट बघतेय.
ताई

१८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शेंडा गेला. बुडाशी हिरवं आहे.

थंडीत आम्ही दोघं येतो, मी आणि झाड. तुझ्या शेडमधली सफरचंदं तेवढी बाहेर काढून ठेव.

धाकटा