अक्काच्या उशाचा पॉइंट

४ नोव्हेंबर
आलो एकदाचे! तीस वर्षं वायरमनकी करत लोकांच्या भिंती फोडल्या, आता फोडायला स्वतःची भिंत मिळाली. घर बैठं, एकामागे एक चार खोल्या. शेवटची तेवढी बिनखिडकीची, अडगळीला बरी. माझी थोरली बहीण, अक्का, गाडीतून थाटात उतरली. वाटेपुरता घेतलेला सिलिंडर गाडीबरोबर परत गेला, आणि तिच्या नाकातली नळी ऑक्सिजनच्या मशीनला जोडली. ते बंद पडू द्यायचं नाही, ही डॉक्टरांची ताकीद. बॅटरी जेमतेम अर्धा तास. हिनं शिवणकाम करून मला वाढवलं. घर बघून म्हणाली, जगाच्या घरात उजेड पाडलास, आता स्वतःच्या पाड.

५ नोव्हेंबर
प्लग पार दारामागे होता. छन्नीनं भिंतीत वायरपुरती झिरी मारली, वायर ओढली, बोर्ड अक्काच्या उशाशी आणला. दिव्याचं बटणही तिच्या हाताशी. जुनं भोक बुजवलं. आपला नेम ठरलेला: माणसानं पॉइंटकडे जायचं नाही, पॉइंटनं माणसाकडे यायचं. अक्कानं दहा वेळा दिवा लावला-विझवला. लहान मूल बरं, म्हणालो. तर म्हणे, तुला वाढवण्याच्या नादात माझं लहानपण राहूनच गेलं होतं.

७ नोव्हेंबर
बोर्ड उशापासून वीतभर लांब दिसतोय. पलंगच सरकला असणार. पायांभोवती फरशीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या.

८ नोव्हेंबर
पलंग खुणांवरच आहे. बोर्ड आणखी हातभर पुढं. आधीच्या जागी गिलावा असा सफाईदार, की नखाला सांधा लागत नाही. दुपारी भिंतीला कान लावला. छन्नीच्या ठोक्यावरून मी कारागीर ओळखतो. आत कुणीतरी झिरी मारतंय. सावकाश, न थकता. हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

१० नोव्हेंबर
काल लांब एक्स्टेन्शन लावली होती. सकाळी मशीननं शिट्टी मारली. एक्स्टेन्शनची वायर सरळ भिंतीत गेलेली, प्लग आत गडप, वरून कोरडा गिलावा. ओढली, तर पलीकडून हिसका बसला.
बोर्ड दुसऱ्या खोलीत सापडला. साऱ्या घरात आता तेवढा एकच उरलाय. पलंग तिकडे ढकलला. नेम मोडला. अक्काला सांगितलं, इथं वारा छान येतो. ती म्हणाली, खोटं बोलायला मी शिकवलं नाही, म्हणून तुला जमत नाही.

१२ नोव्हेंबर
आज स्वैपाकघरापर्यंत. मेनवरून नवी वायर ओढायला गेलो — मेन स्विच होता तिथं नुसती भिंत. डॉक्टरांना फोन केला. सिलिंडर घेऊन गाडी उद्या सकाळी दहाला पाठवतो म्हणाले. तोवर मशीन चालू ठेवा.

१३ नोव्हेंबर, सकाळी नऊ
बोर्ड शेवटच्या खोलीत. बॅटरी दहा मिनिटांवर. पलंग आत नेला, काय करणार — मशीन चालू झालं. दिव्याचं बटण मात्र बाहेर, दाराशेजारी. फोनही बाहेरच —

साडेनऊ
बाहेर बटण खटकलं. दिवा गेला. मशीनच्या हिरव्या ठिपक्यावर लिहितोय. दार चाचपलं. दाराच्या जागी गिलावा. ओला. जागा बदलली की जुनं भोक बुजवायचं. बरोबर आहे त्याचं —

दहा
गाडी आली. ड्रायव्हर स्वैपाकघरात. हाका मारतोय. मी भिंत बडवतोय, ओरडतोय. मला त्याचा शब्दन्‌शब्द ऐकू येतो, त्याला आमचा एकही नाही. फोनवर सांगतोय — घर उघडं, आत चिटपाखरू नाही, तिन्ही खोल्या बघितल्या —
तिन्ही.

गाडी गेली.

छन्नी परत सुरू. बोर्ड भिंतीत आत आत चाललाय. एका हातानं प्लग दाबून धरलाय. अक्का म्हणते, सोड रे बाळा, दमलास. सोडणार नाही. बोटांना गार लागतंय. कुणीतरी आतून माझ्या बोटांभोवती गिलावा —