विंझरच्या घायपाताला पाणी न घालण्याबाबत

मी, सुलोचना उपेंद्र देवस्थळी, वय एकाहत्तर, राहणार भोर, तहसील कचेरीतून निवृत्त, कोणाच्याही दबावाखाली नसताना, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहून ठेवते. राग आहे म्हणजे डोके ठिकाणावर आहे, असे माझे मत आहे. डॉ. शेफाली यांनी मला तपासून ते मान्य केले आहे.

१. भोरचे राहते घर, बँकेतील ठेवी व दागिने चिरंजीव प्रद्युम्न यास. मुलगा आहे, मिळायलाच हवे. घराला त्याने कोणताही रंग द्यावा, मी बघायला येणार नाही.

२. विंझर येथील माझ्या मालकीची माळजमीन, तीवरील घायपाताच्या बागेसह, प्रद्युम्नला मिळू नये. कारण लिहिते, नाहीतर मागाहून म्हणाल म्हातारी भ्रमिष्ट झाली होती.

बांधाबांधांवरून घायपाताची पिल्ले, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपे, उचलून आणून ही बाग मी केली. पावसाचे पाणी निथळून जावे म्हणून खडकावर मुरूम टाकून वाफे उंच केले. उन्हाळ्यात थेंबभर पाणी न मागता झाडे कमरेइतकी वाढली. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मी पुण्याला गेले. घायपाताची खालची पाने वाळतात, ती वाळायचीच असतात. चिरंजीवांना वाटले, आईची बाग तहानेने चालली. मला एक फोन करायला काय झाले होते? पण नाही! बोअर मारली, ठिबक अंथरले, सकाळ-संध्याकाळ पाणी सोडले. काठी टेकत परत आले आणि निळसर पानांच्या माझ्या लाडक्या झाडाला हात लावला, तर गड्डाच उपटून हातात आला. खाली काळा चिखल, आणि वास मेलेल्या उंदराचा. निम्मी बाग अशीच कुजली होती.

"आई, मी प्रेमानंच केलं ना!" असे वर मलाच ऐकवले. आता उरलेल्या बागेच्या जागी त्याला हिरवळ हवी आहे, कारण काटेरी झाडांनी घरात भांडणे होतात असे त्याला कोणा वास्तुतज्ज्ञाने सांगितले. भांडण ठिबकने लावले, झाडांनी नव्हे.

३. सबब सदर जमीन व बाग माझा भाचा इंद्रजित यास. इंद्रजित आळशी आहे, हे तो स्वतःही नाकारत नाही. त्याला विचारले तेव्हा म्हणाला, "आत्या, म्हणजे मला काहीच करायचं नाही ना?" नाही. काहीच करायचे नाही. एवढी पात्रता आमच्या घरात दुसऱ्या कोणाची नाही.

माझे लांब हातमोजे व कोयती सूनबाई मिताली हिला. झाडाला हात लावण्याआधी विचारणारी ती एकटीच.

४. बोअर. हिचा मला सर्वांत जास्त संताप आहे. बागेत चिखल होत होता तेव्हा वरच्या वस्तीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन कुंपणाशी उभ्या होत्या, आणि प्रद्युम्नने ठेवलेल्या राखणदाराने त्यांना हाकलून दिले. ज्यांना पाणी नको त्यांना दोन वेळा, आणि ज्यांना हवे त्यांना शिव्या! तरी माझ्या निधनानंतर कुंपणाबाहेर नळ काढून हे पाणी कायम वस्तीला द्यावे.

येथवरचा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. वस्तीतल्या ठकुबाईंनी अंगठ्याला शाई लावली आणि तशाच थांबल्या.

"बाई, नळ तुमी गेल्यावर व्हय?"

"हो. तसंच लिहिलंय."

"तुमी लई वर्सं जगावं आसंच वाटतंया वो आमाला," त्या म्हणाल्या. "पर मंग तवर पाण्याचं काय?"

मला आधी त्यांचाच राग आला. मग तो कोणावर काढावा ते कळेना.

सबब कलम ४ रद्द केले असून खाडाखोडीवर माझी सही आहे. प्लंबर गोरख यास फोन केला आहे. नळ सोमवारी बसेल.

ठिकाण : विंझर
दिनांक : ९ मे २०२५

लिहून ठेवणार : सुलोचना उपेंद्र देवस्थळी (सही)

साक्षीदार :
१. डॉ. शेफाली बोडके, भोर (सही)
२. ठकुबाई गेनू लिम्हण, विंझर (डाव्या हाताचा अंगठा, कलम ४ खोडल्यानंतर)