लाल चिंधीचा दोडका

तीर्थरूप मावशीस,

अमरसिंहचा साष्टांग नमस्कार (या वेळी खरंच आडवा पडून घातलाय, प्रियदर्शनीला विचार. फरशी गार होती). संयोगिताच्या पायाचं प्लास्टर निघालं का? गडहिंग्लजला लेकीकडं गेल्यापासून तुझे गुडघे तरी गप्प आहेत का? इकडं आम्ही दोघं नवराबायको बरे आहोत, मी जरा कमी. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझ्या तोंडून आपोआप खोटं निघतं, म्हणून कागद घेतला.

तर उचगावचं परस तू माझ्यावर सोपवून गेलीस. "तू नुस्तं पाणी घाल, बाकीचं देव बघंल," म्हणालीस. मी राजारामपुरीतून रोज सकाळी गाडी काढून जात होतो, हे अगदी खरं आहे (दोन रविवार सोडून). पहिल्याच आठवड्यात वेलावर हातभर लांब दोडका दिसला. देठाला लाल चिंधी. मला वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून बांधली असशील. देव देतोय तर नको कशाला म्हणा, म्हणून तोडला. भाजी इतकी चिवट झाली की प्रियदर्शनीनं तोंडातला घास बाहेर काढला आणि "ह्यानं भांडी घासू काय?" असं विचारलं. सालं, बिया, सगळं घंटागाडीत गेलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाळाबाईंनी कुंपणावरून मान काढली. "आवो, बियाला ठेवल्याला दोडका कुठं गेला?" चिंधी बांधली म्हणजे त्याला हात लावायचा न्हाय, हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. आजीनं तुझ्या लग्नात ओटीत घातलेलं बी. दरवर्षी एक दोडका राखून तू ते इथवर आणलंस, आणि मी ते फोडणीला घातलं. मावशी, फार लाज वाटते गं. घंटागाडीमागं चार गल्ल्या पळालो. ड्रायव्हर म्हणाला, कालचा कचरा कालच गेला की.

वेलाला दुसरा दोडका धरला नाही, वेलही वाळला. मग दुकानातून दोडक्याच्या बियांचं पाकीट आणून गुपचूप लावलं, रोज हात जोडले, आणि तुला फोनवर "चिंधीवाला झक्कास वाळतोय" असं सांगत राहिलो. एवढ्या श्रद्धेनं आयुष्यात कशाला पाणी घातलं नव्हतं. वेल आला तो भोपळ्याचा! देवाची इच्छा, असं तुला सांगायचं ठरवलंही होतं. पण देवानं काय मला विळा घेऊन पाठवलं नव्हतं. चूक माझी आहे.

तोंड लपवून बसलेला,
अमरसिंह

ता. क. : तीन वर्षांपूर्वी एसटी स्टँडवर तू मला याच दोडक्याच्या बियांची पुडी दिलीस, "बाल्कनीत लाव" म्हणून. दरवर्षी मी सांगतो की वेल ग्रिलवर चढलाय, दोडकी खाऊन कंटाळलो. मावशी, ती पुडी मी उघडलीच नव्हती. काल देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये उदबत्त्यांखाली सापडली. नऊ बिया आहेत. नऊच्या नऊ सोबत पाठवतोय, एकही ठेवून घ्यायचं धाडस झालं नाही. बाळाबाई म्हणतात, जुनं झालंय, पन आशा सोडू नका.

आणखी एक : उगवलंच, तर पहिल्या दोडक्याला चिंधी मला बांधू देशील का? बाळाबाईंच्या देखत बांधतो.