तीन दिवसांची शाळा

१२ मार्च १९७९, सोमवार

आज पहाटे बाजूला बसले आणि आनंद झाला! असं कुठल्या बाईनं लिहून ठेवलं असेल का कधी? पण झाला खरा. तीन दिवस चूल नाही, सोवळं नाही, कुणाचा डबा नाही. मागच्या पडवीत चटई, पाण्याचा तांब्या आणि दोन पुस्तकं. सासूबाईंच्या नियमाप्रमाणे पोथीला विटाळ होतो, शाळेच्या पुस्तकाला होत नाही. मी नियम मोडत नाही, वापरते.

दोनच विषय राहिलेत. बासष्ट साली राहिले ते राहिलेच — समाज आणि विज्ञान. निकाल लागला आणि पंधरा दिवसांत लग्न होऊन हुबळीला आले. ऑक्टोबरात पुन्हा बसते म्हटलं, तर मामंजी म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." पुढची वर्षं सतरा झाली. मामंजी जाऊनही आता सहा वर्षं होतील.

आता मात्र बघायचंच आहे. मागच्या गल्लीतल्या शकुंतलाबाईंची बालवाडी. त्या साफ म्हणाल्या, "हेमावती, जूनच्या आत एसएसएलसी पास झाल्याचा कागद आण, जागा तुझी. नाहीतर कमिटी माझं ऐकत नाही बघ." पस्तिसाव्या वर्षी मला कुणी नोकरी देऊ केली आहे. परत कोण देणार?

घरात दोघांनाच माहीत — हे आणि लेक जयलक्ष्मी. जयू यंदा दहावीलाच आहे. म्हणजे पुस्तकं आयती आणि मास्तरीणही आयती. सासूबाईंना सांगायचं धाडस नाही. मामंजींचा शब्द त्यांनी कधी खाली पडू दिला नाही.

१३ मार्च

माझं जुनं समाजाचं पुस्तक ट्रंकेतून काढलं होतं. वाटलं, खुणा केलेल्या आहेत, पाठांतर लवकर होईल. त्यातूनच दोन उत्तरं लिहून जयूकडे तपासायला दिली. ती हसून हसून खाली बसली.

"आई, म्हैसूर राज्य कुठलं? कर्नाटक झालं की सहा वर्षांमागं!"

राहतो कर्नाटकात, रेशनकार्डावर कर्नाटक, आणि मी आपली म्हैसूर राज्याचे जिल्हे पाठ करतेय. पुढचं पान उलटलं तर गोव्यात अजून पोर्तुगीज! जयू म्हणाली, "तू हे लिहिलंस तर तपासणारे तुला नापास नाही करणार, इतिहासजमा करतील." आगाऊ कार्टी. पण शून्य दिलं दोन्ही उत्तरांना, आणि बरोबर दिलं.

जुनं पुस्तक जयूकरवी परत ट्रंकेत टाकलं.

१४ मार्च

पेशी. सकाळपासून पेशीच. नुसती वाचून डोक्यात शिरत नाही म्हणून जोरात म्हणते. सासूबाई माजघरात तांदूळ निवडत बसतात. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, म्हणून मी बेतानं त्यांच्या डाव्या अंगाला बसते.

केंद्रक, पेशीद्रव, तंतुकणिका, रिक्तिका. वनस्पतीच्या पेशीला भित्तिका असते, प्राण्याच्या पेशीला नसते. हे मी दर वेळी उलटं सांगते. जयू शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, आपलं घरच धर. केंद्रक म्हणजे अज्जी. सगळं तिच्या हुकमानं चालतं. पेशीपटल म्हणजे पुढचं दार — कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही ते ठरवणारं. तंतुकणिका म्हणजे स्वयंपाकघर, तिथून सगळ्यांना शक्ती."

"आणि तुझे अप्पा?"

"रिक्तिका," म्हणाली. दोघी तोंडावर पदर धरून हसलो. तिला पदर नाही, विटाळ विसरून माझाच धरला.

लगेच पाठ झालं मात्र.

१५ मार्च

न्हाणं झालं. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर कोळशानं टिंब दिलं. दर महिन्याला देतात. सण, श्राद्ध, सोवळ्याचा स्वयंपाक, सगळ्याचा हिशोब त्या टिंबांवर. शाळा सुटली. वर्षभराच्या पापडांचं पीठ मळायचं आहे.

१८ मार्च, रविवार

आज घरात कांदा शिरला!

परीक्षेत कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशींची आकृती हमखास येते म्हणे. लोकांच्या घरी कांदा असतो, ते सोलतात, बघतात, काढतात. आमच्या घरात कांदा मी लग्नानंतर पाहिलेला नाही. माहेरीही नव्हता. पस्तीस वर्षांत मी कांद्याचा पापुद्रा हातात धरलेला नाही, आणि बोर्डाला वाटतं हे सगळ्यात सोपं उदाहरण!

मग जयूनं मैत्रिणीकडून एक कांदा आणला, भिंग कालच शाळेतून मागून आणलं होतं. कांदा गणिताच्या वहीच्या पानात गुंडाळून दप्तरात ठेवला. पण कांदा गप्प बसतो होय? सासूबाई कानानं कमी असतील, नाक शाबूत आहे. देवघरातून सरळ दप्तरापाशी आल्या.

"हे काय?"

"अज्जी, अभ्यासाचं आहे."

"अभ्यास करायला कांदा लागतोय होय आता? आमच्या वेळी पाटी लागायची."

मी भाकरी थापत खाली मान घालून उभी. सासूबाईंनी दप्तर चिमट्यानं धरून अंगणात ठेवलं, घरभर गोमूत्र शिंपडलं आणि दुसऱ्यांदा आंघोळ केली. "घरात नको म्हणजे नको," एवढंच म्हणाल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा कमीच बोलल्या.

१९ मार्च

कांदा टाकून दिला असेल असं धरून चालले होते. दुपारी मागच्या कट्ट्यावर कपडे वाळत घालायला गेले, तर नारळाच्या करवंटीखाली नीट झाकून ठेवलेला. जयूनंच ठेवला असणार. तिथंच उभ्या उभ्या सोलला. पापुद्रा उजेडाकडे धरला, भिंग लावलं. खोटं कशाला लिहू, पेशी काही दिसल्या नाहीत, भिंग लहान आहे. पण तो पातळ पापुद्रा सुंदर होता. डोळ्यांतून पाणी आलं. ते कांद्यामुळं असं पुस्तकात दिलेलं नाही, पण तसं असावं.

आकृती चार वेळा काढली. आता झोपेतही काढीन.

२२ मार्च

हॉलतिकीट नाही. सगळ्यांची आली म्हणे. पोस्टमन दिसला की हातातलं काम थांबवून दाराकडे बघत राहते.

२४ मार्च

मिळालं! समाजाचं पुस्तक उघडलं तर 'पंचायत राज'च्या धड्यात खुणेसारखं ठेवलेलं. ह्यांनीच ठेवलं असणार, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून. रात्री जेवताना हळूच विचारलं, "तुम्हीच ना?" हे "हूं" म्हणाले. हे सगळ्यालाच हूं म्हणतात, पण आज त्या हूंचं कौतुक वाटलं.

दोन एप्रिलला समाज, तीनला विज्ञान. दोन्ही सकाळी दहाला. जयूचं सेंटर वेगळं, पण वाट एकच. "पोरीला सोडायला जाते" म्हणून निघता येईल. सगळं जुळून आलंय.

२५ मार्च, रविवार

काहीच जुळून आलेलं नाही.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "यंदा ह्यांचं श्राद्ध तीन तारखेला येतंय. काळे तीळ संपलेत, यादीत घाल." मामंजींची तिथी — चैत्र शुद्ध सप्तमी. तिथी दर वर्षी सरकते, मागच्या वर्षी पार एप्रिलच्या मध्याला गेली होती. मी तारखा पाठ केल्या, सनावळ्या पाठ केल्या, घरातली तिथी बघितली नाही.

श्राद्धाचा स्वयंपाक म्हणजे पहाटे ओल्यानं आंघोळ करून सोवळ्यात सगळं मला एकटीला. सासूबाईंचं मनगटाचं हाड संक्रांतीत मोडलेलं, त्यांना पातेलं उचलत नाही. भटजी बाळाचार्य नऊला येतात, पानं वाढेपर्यंत एक वाजतो. दहाला पेपर.

ह्यांना परसात गाठलं. म्हटलं, तुम्ही सांगा आईंना. म्हणाले, "मी कसा सांगू? वडिलांचं श्राद्ध आहे." मग म्हणाले, "तूच सांग की." मग म्हणाले, "बघू." बघू म्हणण्यात मामंजींचा मुलगा शोभतो.

२८ मार्च, पाडवा

कडुनिंब-गूळ, पुरणपोळी. बाळाचार्य पंचांग वाचायला आले. पाऊस किती, धान्य किती, सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मंगळवारी सप्तमी, लक्षात आहे ना?" आणि वर ह्यांना हसून म्हणाले, "दोन वर्षांमागं सून बाजूला होती म्हणून पाचव्या दिवशी करायला लागलं होतं. यंदा तसं काही नको."

आमच्याकडे रीतच आहे. श्राद्ध करणाऱ्याची बायको बाजूला असली की त्या दिवशी श्राद्ध होत नाही, पाचव्या दिवशी होतं.

पुरण वाढता वाढता मी तिथंच थांबले. तोंडून एक वाक्य काढायचं, की सगळं सुटतं.

३० मार्च

ते वाक्य काही निघत नाही.

एक तर कॅलेंडर. परवाच्या बाराला बसले होते. सासूबाईंची टिंबं पोलिसाच्या डायरीसारखी पक्की. आणि दुसरं — मामंजी वाईट नव्हते. मला न्यूमोनिया झाला तेव्हा रात्रभर कंदील घेऊन डॉक्टरांच्या दारात बसले होते. त्यांच्या दिवशी असलं खोटं बोलायचं? जयू म्हणते, "बोल की, काय होतंय?" तिला सोळावं आहे. सोळाव्या वर्षी काहीच होत नाही.

राग येतो मला. कुणाचा ते ठरवता येत नाही, म्हणून सगळा राग वरवंट्यावर काढला. चटणी फार बारीक झाली.

१ एप्रिल

ठरवलं. समाजाचा पेपर देते. विज्ञानाचा जाऊ दे. ऑक्टोबरात बघू.

बघू! मीसुद्धा.

२ एप्रिल, सोमवार

समाज झाला. सोपा होता! वर्गात मी सोडून सगळी पोरं. सुपरवायझर मला बघून उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मी कुणीतरी मोठी बाई तपासायला आले. मी हॉलतिकीट दाखवल्यावर बिचारे लाजले. राज्याच्या स्थापनेवर प्रश्न होता. कर्नाटक असं लिहिलं, खाली रेघ मारली, म्हैसूर शब्द फक्त जिल्ह्यासाठी वापरला. गोवा आला नाही. सगळे प्रश्न लिहिले, पुरवणी मागून घेतली. नुसती पुरवणी मागायलाही मजा वाटली.

घरी येताना मात्र श्राद्ध आठवलं. तीळ भिजवायचे होते. हॉलतिकीट पुन्हा पंचायतीच्या धड्यात ठेवलं, विज्ञानाचं पुस्तक जयूला परत दिलं. ती रडायला लागली. मी नाही रडले. उद्याच्या भाज्या चिरल्या, सोवळं वाळत घातलं. सासूबाई माजघरात बसून माझ्याकडे बघत होत्या. "डोळे का लाल?" म्हणाल्या. म्हटलं, झोप नाही. "हं," म्हणाल्या.

शकुंतलाबाईंना काय सांगायचं ते उद्या ठरवते.

३ एप्रिल, मंगळवार. दुपार. मागची पडवी.

विज्ञानाचा पेपर देऊन आले. कांद्याची आकृती आली, पाच मार्कांना.

सकाळी सहाला आंघोळीला उठले तर सासूबाई बाहेरून येत होत्या. काठी टेकत, एकट्या. बाळाचार्यांच्या घरी जाऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "श्राद्ध शनिवारी. तू बाजूला आहेस म्हणून सांगून आले."

म्हटलं, अत्याबाई, मी बाजूला नाही हो.

"मला टिंबं मोजता येतात," म्हणाल्या. "पेपर देऊन आलीस की तीन दिवस पडवीतच बस आता, गल्लीभर कळलंय. हॉलतिकीट त्या पंचायतीच्या धड्यातनं काढून घे, मी ठेवलं होतं तिथंच आहे अजून. आणि आकृतीला नावं द्यायला विसरू नको, रोज एक विसरतीस तू."

मामंजींच्या फोटोकडे बघितलं माझ्या नकळत. सासूबाईंनीही बघितलं.

"त्यांनी तुला सतरा वर्षं थांबवलं," म्हणाल्या. "आता चार दिवस ते थांबतील. निघ."