देठांसकट

बाबा, आज कोर्टात एका किराणा दुकानदाराची उलटतपासणी घेतली. वय तुम्ही गेलात तेव्हाच्या तुमच्याएवढं, दुकान अंबरनाथला. गांजाच्या धाडीत पोलिसांनी त्याला काट्यासकट नेलं होतं वजन करायला, जसं तुम्हाला नेलं होतं. मी विचारलं, "शेंडे वेगळे काढले होते? देठ, पानं?" तो म्हणाला, "गोणीचं वजन वजा केलेलं मॅडम, मी नेहमी करतो." मी तेच तीनदा विचारलं, आवाज चढवून. शेवटी त्याने मान खाली घालून सांगितलं की वेगळं काहीच काढलं नव्हतं. माझा पक्षकार आता बहुतेक सुटेल.

बदलापूरचं आपलं दुकान आता नाही. तिथे सात मजली इमारत आहे आणि खाली औषधांचं दुकान. त्याच्या काचेत भांगेच्या पानांचं तेल ठेवलंय, परवाना असलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं. त्या काचेसमोरून जाताना मला बारवी धरणाकडचा तो माणूस आठवतो. दर दिवाळीनंतर तो आपल्याकडे नवा तांदूळ घालायचा, कारण तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या काट्यावर त्याचा विश्वास नव्हता. त्याच्या बायकोला पोटाचा कॅन्सर झाला. कुणाकडून तरी गांजाची झाडं आणून तो घरात सुकवायचा आणि थोडं दुधात उकळून तिला द्यायचा. ते प्यायली की ती दोन घास खायची. कुणीतरी चुगली केली. पोलीस तुम्हाला न्यायला आले तेव्हा मीही हट्टाने जीपमध्ये बसले, कारण मी एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मला पंचनामा बघायचा होता.

त्याच्या ओसरीत तुम्ही काटा मांडता. काटा हलायचा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून फौजदारही गप्प उभा आहे. तुम्हाला बघून तो माणूस चक्क सावरतो. म्हणतो, "शेट, तुमी करताय ना वजन, मंग माजी काय हरकत नाय." आतून त्याच्या बायकोच्या ओकाऱ्यांचा आवाज येतोय. तुम्ही गोणी रिकामी करून वेगळी मोजता, वजा करता. एक किलो साठ ग्रॅम. पंचनाम्यावर तुमची ठसठशीत सही होते.

परतताना तुम्ही हळूच विचारलंत, "काय गं, काड्यापण मोजायच्या असतात का? निम्म्या तर काड्याच होत्या." मी म्हणाले, "हो बाबा, सगळंच मोजतात. कायदाच तसा आहे." तुम्ही मान हलवलीत. वकील होऊ घातलेल्या मुलीचा शब्द तुमच्यासाठी शेवटचा होता.

कायद्यात गांजा म्हणजे फुलांचे शेंडे. देठ त्यात येत नाहीत. पानं शेंड्यांबरोबर सापडली तर धरायची की नाही, यावर आम्ही अजून भांडतोय. पण नुसते देठ काढले असते तरी वजन किलोच्या आत आलं असतं आणि त्याला लगेच जामीन मिळाला असता. तो सात महिने आत राहिला. बायको दुसऱ्याच महिन्यात गेली. शेवटी तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं, असं तिची शेजारीण दुकानात येऊन सांगून गेली, आणि तुम्ही भर दुपारी शटर ओढलंत. सुटून आल्यावर त्याने तांदूळ आपल्याकडेच आणला. मला त्याचा भयंकर राग आला. त्याने भांडायला हवं होतं, निदान दुसरं दुकान तरी धरायला हवं होतं. तो जाईपर्यंत मी आतल्या खोलीतून बाहेर आले नाही.

हे सगळं आजच्या उलटतपासणीच्या टिपणांमागे लिहितेय. उद्या हे कागद फाडून टाकीन. आज त्या दुकानदाराला घाम फोडणारा प्रश्न माझा नव्हता, तुमचाच होता. पंचनाम्यानंतर दोन दिवसांनी तुम्ही तो पुन्हा विचारला होतात, "एकदा पुस्तकात नीट बघ ना." "बघितलं," असं मी सांगितलं. बाबा, मी ते पुस्तक उघडलंच नव्हतं. ते कलम त्या वर्षी परीक्षेला नव्हतं.